यकृताला विश्रांती की मुलाला उपास?

आमच्यासमोर एक कागद आहे. अर्ध्या फुलस्केपवर छापलेला, पुन्हा पुन्हा झेरॉक्स काढल्यामुळे अक्षरे फुटलेली. वर ठळक शीर्षक आहे : 'काविळीच्या रोग्यांसाठी पथ्यापथ्य'. डाव्या बाजूस वर्ज्य पदार्थ : तेल, तूप, लोणी, साय, खोबरे, शेंगदाणे, अंडी, मांस, मासे, सर्व डाळी, हळद आणि 'पिवळ्या रंगाचे सर्व पदार्थ'. उजव्या बाजूस घ्यावयाचे पदार्थ : उसाचा रस, ग्लुकोजचे पाणी, पातळ ताक, मऊ भात, ज्वारीच्या लाह्या, मुळ्याचा पाला, मनुका. तळाशी एक वाक्य आहे, 'यकृतास पूर्ण विश्रांती द्यावी.' कागदावर नाव नाही, सही नाही, तारीख नाही. असा कागद किंवा त्यातला मजकूर ज्या घरात कधीच आला नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच.

हा कागद आम्हाला एका शिक्षक मित्राने दिला. त्यांच्या नात्यातील एका तीन वर्षांच्या मुलीसाठी तो घरात आला आणि सहा महिने अगदी प्रामाणिकपणे पाळला गेला. मुलीची कावीळ मात्र महिना-दीड महिन्यात जाणारी नव्हती. जन्मतःच तिच्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नलिका बुजलेल्या होत्या. या विकाराला डॉक्टर बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. जपानमधील मोरिओ कसाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया तिच्यावर तान्हेपणीच झाली होती. त्यामुळे ती जगली, पण यकृताचे सूत्रण, म्हणजे सिरॉसिस, हळूहळू वाढत गेले. अशा मुलांपैकी पुष्कळांना पुढे यकृतारोपण लागते. ते होईपर्यंत शरीर टिकवून धरणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

मित्र म्हणाले, "अहो, वजन तर कमी झालेलं नाही तिचं. जानेवारीत अकरा किलो होतं, आजही अकराच आहे." हे खरे होते. पण पोटात पाणी साठत होते आणि काट्याला पाणी आणि मांस यांतला फरक कळत नाही. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी मुलीच्या दंडाभोवती टेप गुंडाळली, तेव्हा घेर ११.४ सेंटीमीटर भरला. पाच वर्षांखालील मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल, तर ते तीव्र कुपोषण मानले जाते. अंगणवाडी सेविकांना हा आकडा पाठ असतो. या घरात खाण्यापिण्याची कसलीही ददात नव्हती. मुलगी उपाशी राहिली ती या कागदामुळे.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नाही. जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो. कोणत्या मुलाला काय खायला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि हा लेख वाचून कोणी घरच्या घरी तसे ठरवूही नये. परंतु एखादे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे पाहणे हे आमचे रोजचे काम आहे आणि या कागदातील प्रत्येक ओळ हे एक विधान आहे. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या कागदाचे करावे असे आम्ही ठरवले. त्याचा वाचकवर्ग बहुतेक पुस्तकांपेक्षा मोठा आहे.

पहिला प्रश्न असा, की या कागदाला एवढी प्रतिष्ठा मिळाली कशी? आपल्याकडे मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून येणाऱ्या अ प्रकारच्या विषाणूची असते. ती बहुसंख्य मुलांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. लाह्या खाल्ल्या तरी होते, न खाल्ल्या तरी होते. जो आजार आपोआप जातो, त्यात केलेले कोणतेही पथ्य यशस्वी ठरते. पथ्य केलेल्या आणि न केलेल्या रोग्यांची तुलना कोणी केली आहे का, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तशी तुलना झालेली आहे. कोरियातील युद्धाच्या वेळी संसर्गजन्य काविळीने आजारी पडलेल्या अमेरिकन सैनिकांचे गट पाडून टॉमस चाल्मर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले. भरपूर प्रथिने व उष्मांक असलेला आहार घेणाऱ्या सैनिकांचा आजार लांबला नाही, उलट थोडा लवकर आटोपला. सक्तीने अंथरुणावर पडून राहिलेले सैनिक इतरांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. म्हणजे तात्पुरत्या काविळीतही 'यकृतास पूर्ण विश्रांती' या कल्पनेला आधार मिळाला नाही. यकृत म्हणजे मुरगळलेला पाय नव्हे. त्याला काम न देण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे उपास. आणि उपासातही ते स्वस्थ बसत नाही. उलट, रक्तातील साखर टिकवण्यासाठी त्याला जास्त राबावे लागते.

'पिवळ्या रंगाचे सर्व पदार्थ' या ओळीवर फार वेळ घालवायला नको. काविळीचा पिवळेपणा बिलिरुबिन या द्रव्यामुळे येतो आणि ते रक्तातील जुन्या तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनपासून तयार होते. हळदीतला किंवा केळ्यातला पिवळा रंग हा वेगळाच रेणू असतो. साम्य फक्त डोळ्यांना दिसणारे. तरीही या ओळीमुळे डाळ, केळे, आंबा, अंड्याचा बलक आणि भोपळा इतके पदार्थ एका फटक्यात ताटाबाहेर जातात, म्हणून ती निरुपद्रवी नाही. हळदीबद्दल एक सांगून ठेवतो : फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी आणि अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरलेली हळद वेगळी. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदली गेली आहेत.

तेलातुपाची गोष्ट

वर्ज्य पदार्थांत तेल-तूप पहिले आहे, आणि त्यामागचा तर्क वरवर पाहता शास्त्रीय वाटतो. आपण वर्गात शिकवतो, की यकृत पित्त तयार करते आणि पित्तामुळे स्निग्ध पदार्थांचे पचन होते. म्हणून यकृत बिघडले की पित्त नाही, पित्त नाही म्हणून स्निग्ध पदार्थ पचणार नाहीत, म्हणून ते बंद. यातल्या पहिल्या पायऱ्या बरोबर आहेत. शेवटची चुकीची आहे.

पित्तनलिका बुजलेल्या मुलात तेला-तुपातील मोठा भाग पचत नाही आणि शौचावाटे निघून जातो, हे खरे. पण तेला-तुपातील मेदाम्ले एकाच लांबीची नसतात. आपल्या रोजच्या तेलांतील बहुतेक मेदाम्ले १६ किंवा १८ कार्बनची, लांब साखळीची असतात. ती पाण्यात मिसळत नाहीत. पित्ताम्लांनी त्यांचे सूक्ष्म पुंजके बनवले तरच आतड्याच्या पेशी त्यांना आत घेतात, आणि मग ती रसवाहिन्यांच्या लांबच्या वाटेने रक्तात पोचतात. आठ किंवा दहा कार्बनच्या मध्यम साखळीच्या मेदाम्लांना या साऱ्या खटाटोपाची फारशी गरज नसते. ती पित्ताशिवायही बऱ्याच अंशी शोषली जातात आणि आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतून थेट जातात. त्यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ८.३ उष्मांक मिळतात. साखरेच्या एका ग्रॅमपासून चार. म्हणून जगभरच्या बालयकृततज्ज्ञांनी अशा मुलांचे स्निग्ध पदार्थ बंद केले नाहीत, त्यांतला काही भाग बदलला. साधारण एक तृतीयांश ते निम्मा स्निग्धांश मध्यम साखळीच्या तेलाचा आणि उरलेला नेहमीच्या तेलांचा, अशी विभागणी केली जाते.

सगळाच का बदलत नाहीत? कारण लिनोलेइक आम्लासारखी काही लांब साखळीची मेदाम्ले शरीराला तयार करता येत नाहीत, आणि वाढत्या मुलाच्या मेंदूला व त्वचेला ती हवीच असतात. आपल्या जुन्या वाणांच्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक असते. ज्या कागदाने या मुलीचे करडईचे तेल बंद केले, त्याने तिचा हा पुरवठाही तोडला.

कोकणातले वाचक येथे विचारतील, की मग खोबरेल चालेल का? हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला गेला आहे. मध्यम साखळीचे तेल खोबरेलापासून वेगळे काढता येते, हे खरे. परंतु खोबरेल म्हणजे ते तेल नव्हे. खोबरेलात आठ आणि दहा कार्बनची आम्ले मिळून पंधरा टक्क्यांच्या आसपासच असतात. जवळजवळ निम्मा भाग बारा कार्बनच्या लॉरिक आम्लाचा असतो आणि शोषणाच्या बाबतीत ते बरेचसे लांब साखळीच्या आम्लांसारखेच वागते.

स्निग्ध पदार्थांबरोबर आणखी चार गोष्टी जातात : अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे. पित्ताच्या अभावी ती आधीच कमी शोषली जातात. 'अ' कमी पडले की रातांधळेपणा येतो, 'ड' कमी पडले की हाडे वाकतात, 'के' कमी पडले की किरकोळ जखमही वाहत राहते. 'ई'च्या अभावाची लक्षणे हळूहळू येतात : गुडघ्यावर हातोडी मारली की उडणारा पाय उडेनासा होतो, मग चालताना तोल जाऊ लागतो. वेळेवर लक्ष गेले नाही, तर मज्जातंतूंचे हे नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा मुलांना ही चारही जीवनसत्त्वे औषध म्हणून, नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत आणि रक्त तपासून द्यावी लागतात. कागदात याविषयी अवाक्षर नाही.

पाव्हलॉवच्या कुत्र्यांचा वारसा

डाळी, अंडी आणि मांस वर्ज्य करण्यामागचा तर्क अधिक जुना आहे आणि तो एका खऱ्या, उत्तम प्रयोगातून निघालेला आहे. १८७७ मध्ये रशियातील निकोलाय एक्क या शल्यवैद्याने कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. आतड्याकडून यकृताकडे येणारी शीर त्याने थेट शरीराच्या मोठ्या शिरेला जोडली. आतड्यातले रक्त यकृताला वगळून पुढे जाऊ लागले. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पाव्हलॉव (घंटा आणि लाळेच्या प्रयोगाचे तेच पाव्हलॉव) आणि नेन्स्की यांच्या गटाने अशा कुत्र्यांचा कसून अभ्यास केला. १८९३ साली त्यांनी लिहिले, की या कुत्र्यांनी मांस खाल्ले की ती अडखळतात, चिडतात, त्यांना झटके येतात आणि अखेर ती बेशुद्ध होतात. प्रथिनांच्या विघटनातून निघणारा अमोनिया युरियात बदलण्याचे काम यकृत करते, हे समजण्याच्या वाटेवरचा हा मैलाचा दगड होता.

चूक झाली ती पुढच्या पिढ्यांची. ज्यांचे यकृत शस्त्रक्रियेने एकाएकी वगळले गेले आणि ज्यांना पोटभर मांस घातले, त्या कुत्र्यांवरून ज्यांचे यकृत अर्धेमुर्धे चालते आहे आणि जे पूर्ण शुद्धीवर आहेत, अशा माणसांचे ताट ठरवले गेले. विसाव्या शतकाचा बराच काळ यकृताच्या रोग्याची प्रथिने तोडणे ही शहाणपणाची खूण मानली जात होती. विरुद्ध पुरावा नव्हता असे नाही. १९४१ मध्ये न्यूयॉर्कमधील आर्थर पटेक यांनी सिरॉसिसच्या रोग्यांना सकस, प्रथिनयुक्त आहार व ब जीवनसत्त्वे देऊन ते अधिक काळ जगतात असे दाखवले होते. त्यांची तुलना जुन्या रोग्यांच्या नोंदींशी होती, शेजारच्या खाटेवरील रोग्याशी नव्हती. हा त्या अभ्यासाचा उणेपणा मान्य केला पाहिजे. शेजारच्या खाटेशी तुलना व्हायला २००४ साल उजाडले. बार्सिलोना येथील हुआन कोर्दोबा व सहकाऱ्यांनी यकृताच्या विकारामुळे भ्रम झालेल्या ३० प्रौढ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची प्रथिने आधी पूर्ण बंद करून मग हळूहळू वाढवली, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून नेहमीइतकी दिली. भ्रम उतरण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मात्र प्रथिने तोडलेल्या गटात शरीरातील प्रथिनांची झीज जास्त झाली.

असे का व्हावे? याचे उत्तर अमोनियाच्या हिशेबातच आहे. अमोनिया पकडणारा दुसरा मोठा अवयव म्हणजे स्नायू. तेथे ग्लुटामेट अमोनियाला पकडून ग्लुटामाइन बनते. ताटातली प्रथिने तोडली, की शरीर स्वतःचे स्नायू वितळवू लागते. त्यातूनही अमोनिया निघतो आणि त्याला पकडणारा अवयवही झिजतो. मुलांच्या बाबतीत तर त्यातूनच नवे शरीर घडवायचे असते. म्हणून जुनाट यकृतविकाराच्या मुलांना आज किलोमागे साधारण दोन ते चार ग्रॅम प्रथिने रोज द्यावीत असे सांगितले जाते. त्या वयाच्या निरोगी मुलाचे एक ग्रॅमच्या आसपास भागते. मुलाला गुंगी येऊ लागली, तर प्रथिने काही काळ आवरती घेतात, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली आणि थोड्या दिवसांपुरती. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपोषणतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१९ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनाचा रोखही तोडण्याकडे नसून पुरवण्याकडे आहे.

एक किलो पोट, तीन लिटर पेज

आता 'घ्यावे' या बाजूकडे वळू. ही बाजू जास्त घातक आहे असे आमचे मत आहे, कारण ती प्रेमाने पाळली जाते. जुनाट यकृतविकारात मुलाला निरोगी मुलाच्या सव्वापट ते दीडपट उष्मांक लागतात. काही अन्न शोषलेच जात नाही, आणि आजारी शरीराचा खर्चही अधिक असतो. आमच्या या मुलीला, निरोगी मुलाचे सुमारे १,००० धरले, तर १,३०० ते १,५०० उष्मांक हवेत. पातळ पेजेच्या १०० मिलिलिटरमध्ये ४० उष्मांक आहेत असे समजून वर्गात हिशेब मांडून पाहावा. १,४०० उष्मांकांसाठी साडेतीन लिटर पेज प्यावी लागेल. वाढलेले यकृत, वाढलेली प्लीहा आणि साठलेले पाणी यांनी ज्या पोटात आधीच जागा व्यापली आहे, त्यात ती मावणार कशी? दोन घोट घेतले की मूल तोंड फिरवते आणि घरचे म्हणतात, भूकच नाही. ग्लुकोजच्या चमचाभर पुडीतून वीस उष्मांक मिळतात. तेवढ्याच तेलातून त्याच्या दुप्पट.

पातळ अन्नात उष्मांक कमी आणि घट्ट अन्न मूल गिळत नाही, हा पेच कुपोषणाच्या क्षेत्रात जुना आहे. त्यावर आपल्याकडेच एक सुंदर तोडगा निघालेला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात तो अभ्यासला. मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या पिठात अमायलेज हे विकर भरपूर असते. घट्ट शिजवलेल्या, किंचित निवलेल्या खिरीत हे पीठ चिमूटभर घालून ढवळले, की पाहता पाहता खीर पातळ होते. उष्मांक तेवढेच राहतात, पण मूल ते पिऊ शकते. उकळत्या खिरीत घातले तर विकर नष्ट होते आणि काही घडत नाही. नाचणीचे सत्त्व आणि एक गंज एवढ्या साहित्यावर हा प्रयोग आठवीच्या वर्गात तासाभरात होतो. यकृताच्या प्रत्येक मुलासाठी हा उपाय आहे असे आम्ही म्हणत नाही. 'हलके अन्न' म्हणजे 'कमी अन्न' नव्हे, एवढेच त्यातून दिसते.

रात्रीचा प्रश्नही आहे. निरोगी यकृत जेवणानंतर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करते आणि रात्रभर तो पुरवून खर्च करते. सूत्रण झालेल्या यकृतात हे कोठार लहान असते. सिरॉसिस असलेल्या प्रौढांवरील १९८० च्या दशकातील अभ्यासांत असे दिसले, की एका रात्रीच्या उपासानंतर त्यांच्या शरीराची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी होते. मुलांचे कोठार तर मुळातच लहान. म्हणून झोपण्यापूर्वी खाणे आणि जरूर तर रात्रभर नाकातल्या बारीक नळीतून सावकाश दूध देणे, हे उपचार निघाले. संध्याकाळी सातला मऊ भात आणि मग सकाळपर्यंत काही नाही, हा आमच्या कागदाचा क्रम याच्या नेमका उलट आहे.

तोडणे जेथे खरेच हवे

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की पथ्य हा प्रकारच आम्हाला नको आहे. तसे मुळीच नाही. बालयकृतविकारांत अशी काही दुखणी आहेत, की त्यांत एकच पदार्थ काटेकोरपणे तोडल्याने मूल वाचते. गॅलॅक्टोसेमिया या आनुवंशिक विकारात दुधातील साखरच विष ठरते. आईचे दूधसुद्धा थांबवावे लागते. फ्रुक्टोज न सोसण्याच्या आनुवंशिक विकारात मूल आईच्या दुधावर ठणठणीत असते आणि फळे, मध, साखर सुरू झाली की त्याचे यकृत बिघडू लागते. अशा मुलाला काविळीवर उपाय म्हणून उसाचा रस पाजला तर? उसाच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो. हे विकार विरळ आहेत. पण कोणत्या मुलाला कोणता आहे हे कागदाला कळत नाही, तपासणीलाच कळते. पोटात पाणी साठल्यावर मीठ आवरते घेणे हेही योग्यच. मात्र अगदी अळणी करून मूल जेवेनासे झाले, तर फायद्यापेक्षा तोटा मोठा.

आणि एक तोडणे तर पुण्यात शोधले गेले. 'इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस' या नावाने जगाला माहीत असलेला रोग एकेकाळी आपल्याकडे दर वर्षी अनेक बाळांचा जीव घेत असे. सहा महिने ते चार-पाच वर्षांचे मूल, दगडासारखे टणक यकृत, आणि काही महिन्यांत शेवट. एकाच घरात दोन-तीन मुले गेल्याने तो आनुवंशिक असावा असेही वाटे. १९७८ मध्ये या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले असते असे लक्षात आले. मग पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी अगदी साधी चौकशी केली : बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी संशय मांडला आणि १९८७ मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या जोड्यांची तुलना प्रसिद्ध केली. आजारी मुलांना लवकर वरचे दूध सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा ठेवलेले होते. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्यातले तांबे धरून ठेवते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. दूध आंबट नसल्यामुळे त्याबद्दल कोणाला शंका आली नाही. भांडी बदलण्याचा प्रचार झाला, स्टेनलेस स्टील घरोघरी आले आणि हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही असाच बालरोग तांब्याच्या भांड्यांबरोबर येऊन भांड्यांबरोबर गेल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक मुलाचे दुखणे केवळ तांब्याने झाले असे नव्हे. काहींचा शरीरधर्म जास्त नाजूक असावा. पण ताटातला नेमका कोणता घटक तोडायचा हे प्रश्न विचारून, मोजून आणि तुलना करून ठरवता येते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आमच्या कागदात हळद आहे, केळे आहे, भांडे मात्र कोठेच नाही.

न्याय म्हणून दुसऱ्या एका कागदाबद्दलही लिहिले पाहिजे. मुलगी मोठ्या रुग्णालयात गेली, तेव्हा तिला नवा आहारतक्ता मिळाला. त्यातले शास्त्र निर्दोष होते. पण तो इंग्रजीत होता, मापे ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये होती, आणि त्यात सुचवलेले मध्यम साखळीचे तेल व डब्यातली भुकटी यांचा महिन्याचा खर्च या कुटुंबाच्या घरभाड्याला भारी पडणारा होता. आजीने तो नीट घडी करून देवघरात ठेवला आणि जुनाच कागद भिंतीवर राहिला. यात आजीचा काय दोष? जुना कागद मराठीत होता आणि त्यातले सगळे पदार्थ घरात होते. शास्त्र जाणणाऱ्यांनी वाटी-चमच्याच्या भाषेत लिहिण्याचा कंटाळा केला, की ती जागा झेरॉक्सचे दुकान भरून काढते. या टीकेतून आम्ही स्वतःला वगळत नाही.

अखेर आहारतज्ज्ञ बाई आणि आमचे मित्र एका दुपारी आजीजवळ बसले आणि तक्ता मराठीत उतरवला. परवडेल तेवढे खास तेल औषधासारखे चमच्याने मोजून, बाकीचे घरचे करडईचे. मुगाची घट्ट खिचडी, अंडे, कुस्करलेले केळे, सत्त्व घातलेली नाचणीची खीर. शेंगदाणे चालतील, पण खवट किंवा बुरशीचा वास असलेला एकही नको, कारण बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृतालाच गाठते. जीवनसत्त्वे डॉक्टरांनी लिहून दिली तशी. दर अडीच-तीन तासांनी थोडे, आणि झोपताना एक वाटी. वजनाऐवजी दर पंधरवड्याला दंड मोजायचा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा.

चार महिन्यांनी दंड १२.६ सेंटीमीटर झाला आहे. यकृत बरे झालेले नाही, ते होणारही नव्हते. आरोपणासाठी नाव नोंदवलेले आहे. जूनपासून तिला बालवाडीत घालायचे आहे आणि बालवाडीच्या बाईंनी मित्रांना विचारले, की मधली सुट्टी अकराला असते, तोपर्यंत हिला थांबवायचे का. मित्रांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला आणि आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे. थांबवायचे नाही, असे त्यांचे उत्तर आले. दहा वाजता डबा उघडू द्यावा, आणि बाकीच्या मुलांनी विचारले तर खरे कारण सांगावे.